ताळा न जुळणारी सरासरी

ब्रिटनमध्ये 'नॅटसॅल' हे राष्ट्रीय लैंगिक सर्वेक्षण घेतलं जातं. २०१०–१२ च्या तिसऱ्या फेरीत १६ ते ७४ वयाच्या १५,१६२ जणांशी बोलणं झालं. आजवर भिन्नलिंगी जोडीदार किती, या प्रश्नाला पुरुषांची सरासरी आली सुमारे १४ आणि स्त्रियांची ७. हा ताळा जुळत नाही. एका पुरुषाचा एका नव्या स्त्रीशी संबंध आला की दोघांच्याही खात्यात एकेक जोडीदार वाढतो. स्त्री-पुरुषांची संख्या साधारण सारखी असेल, तर दोन्ही सरासरी जवळपास सारख्याच यायला हव्यात.

या आकड्यांवर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं विश्लेषण बघण्यासारखं आहे, कारण त्यात निरनिराळ्या शाखांच्या शंका एकामागून एक तपासल्या आहेत. पहिली शंका संख्याशास्त्राची: भलेमोठे आकडे सांगणारे मोजके लोक सरासरी वर ओढतात. पुरुषांची उत्तरं ११० वर आणि स्त्रियांची ५० वर थांबवली, तेव्हा ७ चा फरक ५.५ वर आला. दुसरी स्मृतीच्या मानसशास्त्राची. एकेक जोडीदार आठवून मोजणारे वेगळे आणि 'असतील वीसेक' म्हणणारे वेगळे. अंदाज सांगण्याकडे पुरुषांचा कल जास्त. हे हिशेबात धरल्यावर फरक ३.२ उरला. तिसरी समाजशास्त्राची. क्षणिक संबंधांना स्त्रिया जास्त नाकं मुरडतात, आणि ज्याला आपण नाव ठेवतो ते स्वतःच्या खात्यात मांडणं जड जातं. त्यानंतर उरला २.६. घरोघरच्या सर्वेक्षणात वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया फारशा सापडत नाहीत, हीही एक गळती आहेच.

हा निव्वळ कुतूहलाचा प्रश्न नाही. लैंगिक संसर्ग किती पसरेल, लस कोणाला द्यावी, याच्या गणिती प्रारूपांत हेच आकडे जातात.

पहिल्या फेरीची निकड एचआयव्हीमुळेच निर्माण झाली. १९८९ मध्ये थॅचर सरकारने पैसे नाकारले. आरोग्य-संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या वेलकम ट्रस्टने ते दिले आणि १९९०–९१ मध्ये १८,८७६ मुलाखती झाल्या. साथरोगतज्ज्ञ अ‍ॅन जॉन्सन, समाजशास्त्रज्ञ के वेलिंग्ज, संख्याशास्त्रज्ञ जेन वॉड्सवर्थ आणि सर्वेक्षणतज्ज्ञ ज्युलिया फील्ड अशी ती जमवाजमव होती.

अशा गटाला आधी शब्द ठरवावे लागतात. साथरोगतज्ज्ञाच्या लेखी एका रात्रीपुरता भेटलेलाही जोडीदारच, कारण जंतूला तेवढं पुरतं. उत्तर देणाऱ्याच्या मनात मात्र 'जोडीदार' म्हणजे नातं. म्हणून नॅटसॅलच्या व्याख्येत एकदाच संबंध आलेल्यापासून नवरा-बायकोपर्यंत सगळे स्पष्ट येतात. प्रश्नावली छापून झाल्यावर हा वाद निघाला, तर गोळा केलेली उत्तरं एकमेकांशी ताडूनच बघता येत नाहीत. विचारण्याची रीतही तितकीच महत्त्वाची. नाजूक उत्तरं माणूस स्वतः लॅपटॉपवर भरतो, आणि तो भाग संपला की उत्तरं कुलूपबंद होतात. मुलाखतकारालाही दिसत नाहीत.

अशा गटाची खरी कसोटी लागते ती संसर्ग तपासण्यासाठी घेतलेल्या लघवीच्या नमुन्यांवर. तिसऱ्या फेरीत ते निनावी तपासले आणि निकाल कोणालाच कळवले नाहीत. गुप्ततेसाठी ते योग्य, पण संसर्ग दिसूनही गप्प बसणं डॉक्टरला पटणं कठीण. त्यावर तोड अशी, की नमुना देणाऱ्याला मोफत तपासणी कुठे होते याची माहिती हातात द्यायची.