पार्श्वभूमी: कितव्या शाखेपासून दुकान ‘साखळी’चे?

सॅन फ्रान्सिस्कोत गल्लीतल्या दुकानांवरून भांडण जुंपले की ते हमखास अकरा या आकड्यापाशी येते. शहराचा नियम असा: इतरत्र आधीच अकरा शाखा असतील तर दुकान साखळीतले, दहा असतील तर नाही. पण मूळ दुखणे शाखांचे नव्हतेच, ते भाड्याचे होते.

शेजारच्या बर्कलीत १९८२ मध्ये मतदारांनी एल्मवुड भागातल्या गाळ्यांच्या भाडेवाढीला लगाम घातला होता. घरभाड्यावर नियंत्रण चालते, मग दुकानाच्या का नको, इतका सरळ हिशेब. १९८७ मध्ये राज्याने कायदा करून ती वाटच बुजवली: कॅलिफोर्नियातल्या कोणत्याही शहराने व्यापारी जागेच्या भाड्याला हात लावायचा नाही. पुढचे बहुतेक सारे या कायद्याच्या सावलीत घडले, आणि वादात त्याचे नावही क्वचितच निघते.

साखळ्यांवरचा राग तसा जुना. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात निम्म्याहून अधिक अमेरिकी राज्यांनी त्यांच्यावर खास कर लावून पाहिले. ‘जेंट्रिफिकेशन’, म्हणजे पैसेवाले येऊन वस्तीतल्या मूळ लोकांना बाहेर पडावे लागणे, हा शब्द १९६४ मध्ये लंडनच्या श्रमिक वस्त्यांबद्दल लिहिताना आला, तोही घरांसंदर्भात. दुकाने त्यात मागाहून आली.

भाडे हाताबाहेर गेल्यावर शहराकडे उरला तो जमीनवापराचा नियम. २००४ मध्ये त्यात साखळी दुकानांसाठी ‘फॉर्म्युला रिटेल’ हा शब्द घातला गेला, आणि घोळ इथूनच सुरू होतो. नुसत्या शाखा मोजून भागत नाही. ठरावीक माल, दर्शनी भाग, आतली सजावट, नोकरांचा गणवेश, पाटी, बोधचिन्ह यांपैकी किमान दोन गोष्टी सगळीकडे सारख्या हव्यात. म्हणजे घरच्यांनी एकेक करून वाढवलेली, एकाच पाटीची आणि एकाच पदार्थांची बारा शाखांची बेकरी साखळी ठरते, आणि बड्या कंपनीने नव्या नावाने उघडलेले तिसरे दुकान स्थानिकांच्या रांगेत बसते. हेज व्हॅली, नॉर्थ बीच अशा भागांत साखळ्यांना थेट बंदी झाली. २००६ च्या मतदानाने इतर वस्त्यांच्या बाजारपेठांत त्यांना जाहीर सुनावणीशिवाय परवानगी मिळेनाशी झाली.

व्याख्येतली फट २०१३ मध्ये मिशन भागात उघडी पडली. सोळाव्या रस्त्यावरचे जुन्या पुस्तकांचे दुकान भाडे न परवडल्याने हलले. त्या जागी कपडे आणि बॅगांचे महागडे दुकान येऊ घातले: शाखा अकराच्या आत, मालक मात्र मोठी कंपनी. कागदोपत्री सगळे नियमात होते. शेजारचे दुकानदार अपिलात गेले आणि शेवटी कंपनीनेच माघार घेतली. पण पुस्तकांचे दुकान आधीच गेले होते, आणि त्याला घालवणाऱ्या भाडेवाढीबद्दल नियमात एक अक्षर नव्हते.

२०१४ च्या दुरुस्तीत परदेशातल्या शाखाही मोजायचे ठरले. मर्यादा वीसवर नेण्याची शिफारस होती, पण अकरा कायम राहिले. मूळ कंपनीच्या शाखा धरण्याचा प्रस्ताव मात्र गळाला, आणि मिशनमध्ये दिसलेली फट नेमकी तीच होती.

२०१५ मध्ये मतदारांनी जुन्या व्यवसायांसाठी निधी मंजूर केला. साधारण तीस वर्षे टिकलेल्या दुकानाला किमान दहा वर्षांचा भाडेकरार दिला की अनुदान मिळते. ते मिळते जागेच्या मालकाला.