प्राणवायू परतताना होणारी इजा

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर विश्रांतीत वापरतं त्यातला सुमारे २० टक्के प्राणवायू एकट्या मेंदूला लागतो. तो तुटला की काही मिनिटांत पेशी मरू लागतात. पुरवठा परत सुरू होतानाही नुकसान वाढत राहतं, हे कळायला मात्र विसावं शतक सरत आलं.

सुरुवात मेंदूपासून झालीच नाही. रेबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये मांडलं, की प्राणवायूच्या अतिरेकाने होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा यांचं मूळ एकच: मुक्त मूलक, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन घेऊन समोरच्या रेणूवर तुटून पडणारे कण. निरोगी पेशीत ते सतत तयार होतात, हे तेव्हा सहज पटणारं नव्हतं. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड हा मूलक नष्ट करणारं विकर, म्हणजे पेशीतली रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन (एन्झाइम), शोधलं. घरात पहारेकरी ठेवलाय, त्याअर्थी चोराची भीतीही घरातलीच!

पुढचा दुवा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रक्त थांबलं की पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी मोडत जातं आणि हायपोझॅन्थिन साचतं. प्राणवायू परतताच झॅन्थिन ऑक्सिडेज हे विकर त्या साठ्यावर काम करू लागतं, आणि सुपरऑक्साइडचा लोंढा सुटतो. १९८१ मध्ये मांजराच्या आतड्यावरच्या प्रयोगांनी याला आधार दिला. मेंदूत एवढंच कारण नसतं. तंतुकणिकांत, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरांत (मायटोकॉन्ड्रिया), साचलेलं सक्सिनेट हे रसायन झपाट्याने वापरलं जातानाही मूलक तयार होतात, हे २०१४ मध्ये दिसलं. त्यात मेंदूतली असंतृप्त मेदाम्लं त्यांना चटकन बळी पडतात.

मग मूलक टिपणारं औषध का देऊ नये? पक्षाघातावरच्या एनएक्सवाय-०५९ ने २००६ मध्ये आशा दाखवली. पुढच्या वर्षी तीन हजारांहून जास्त रुग्णांच्या चाचणीत ती फोल ठरली.

फायदा झाला तो नवजात बाळांचा. जन्मतः गुदमरलेल्या बाळांना शुद्ध प्राणवायू देण्याची रूढ पद्धत ओला सॉगस्टॅड या नॉर्वेतल्या बालरोगतज्ज्ञांनी याच हायपोझॅन्थिनच्या अभ्यासातून प्रश्नांकित केली. १९९८ च्या चाचणीत साध्या हवेने काम भागतं असं दिसलं, आणि २०१० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी पूर्ण दिवसांच्या बाळाचं पुनरुज्जीवन साध्या हवेने, म्हणजे २१ टक्के प्राणवायूने, सुरू करायला सांगितलं.