बाटलीत मुरताना टॅनिनचं काय होतं?

परदेशातून कुणीतरी आणलेली रेड वाइनची बाटली अनेक घरांत शोकेसमध्ये उभी असते. ‘जितकी जुनी तितकी भारी’ या समजुतीने ती वर्षानुवर्षं उघडली जात नाही. ही समजूत चुकीची आहे. जगातली बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच बनवलेली असते. त्यानंतर ती उतरतच जाते. खरोखर मुरणाऱ्या वाइन मोजक्याच. त्यातलं खूप अभ्यासलं गेलेलं उदाहरण म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या मेदॉकचं लाल मिश्रण. काबर्ने सोव्हिन्यों मुख्य, जोडीला मर्लो, थोडी काबर्ने फ्रां, कधी जराशी पेती व्हर्दो. जिरोंद या नदीमुखाच्या डाव्या काठावरची खडे-गोट्यांची जमीन पाणी धरून ठेवत नाही आणि लवकर तापते. उशिरा पिकणाऱ्या काबर्नेला ती मानवते. या द्राक्षाचे दाणे लहान आणि साल जाड असते. रसाच्या मानाने साल आणि बिया जास्त, म्हणून टॅनिन, म्हणजे वाइनला तुरट करणारं द्रव्य, तेही जास्त.

षड्रसांत तुरट मोजला जात असला, तरी शरीरशास्त्राच्या दृष्टीने तो बऱ्याच अंशी स्पर्श आहे. आपल्या लाळेत प्रोलीन या अमिनो आम्लाने भरलेली प्रथिनं असतात. प्रोलीनमुळे प्रथिनाच्या साखळीची घट्ट गुंडाळी होत नाही. ती सैल, उघडी राहते. टॅनिन म्हणजे कॅटेचिनसारख्या छोट्या रेणूंची माळ. तिच्या प्रत्येक मण्यात सपाट कार्बनी कडी असतात आणि त्यांवर हायड्रॉक्सिल गट. ही सपाट कडी प्रोलीनच्या कड्याला जाऊन टेकतात आणि हायड्रॉक्सिल गट हायड्रोजन बंधांनी पकड घट्ट करतात. माळ पुरेशी लांब असेल तर एकच टॅनिन रेणू दोन-तीन प्रथिनं एकत्र बांधतो. त्यांचा गठ्ठा होतो आणि लाळेतलं वंगण जातं. मग जीभ टाळूला घासते, तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं. जास्त उकळलेला कोरा चहा असाच जीभ ओढतो आणि दूध घातल्यावर निवळतो, कारण लाळेआधी त्यातल्या टॅनिनची गाठ दुधातल्या केसीन या प्रथिनाशी पडते. बोर्दोमध्ये तरुण वाइनसोबत आंत्रकोत खातात, म्हणजे अस्थिमज्जा आणि शॅलट कांद्यांच्या सॉससह भाजलेला गोमांसाचा जाड तुकडा. त्यामागेही हेच आहे. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवून ठेवतात.

वाइन मुरते कशी, याचा पहिला नेमका शोध लुई पाश्चर यांचा. वाइन का बिघडते हे शोधण्याचं काम तिसऱ्या नेपोलियनने त्यांच्याकडे सोपवलं होतं. त्यांनी काचेच्या नळ्यांत वाइन सीलबंद केली, काही नळ्या काठोकाठ भरून आणि काहींत हवा ठेवून. हवेच्या नळ्यांमधल्या वाइनचा रंग उतरला, तळाशी साका बसला. काठोकाठ भरलेली वाइन जवळपास तशीच राहिली. हे निष्कर्ष 1866 साली प्रसिद्ध झाले.

ऑक्सिजन नेमकं काय करतो, हे आज जास्त तपशिलात सांगता येतं. 225 लिटरच्या ओकच्या पिपात तो लाकडातून थोडाथोडा झिरपतो, बाटलीत बुचातून त्याहून खूपच कमी. लोखंड आणि तांब्याच्या अंशांच्या मदतीने त्यातून अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. ते टॅनिन आणि सालीतलं लाल रंगद्रव्य अँथोसायनिन यांना दोन कार्बनच्या पुलाने जोडतं. दुसरी प्रक्रिया ऑक्सिजनशिवायही चालते. वाइन आम्लधर्मी असते, तिचा सामू साधारण 3.6. या आम्लात टॅनिनच्या माळा अधूनमधून तुटतात. तुटलेल्या टोकावर धनभार येतो आणि ते टोक जवळच्या दुसऱ्या टॅनिनला किंवा अँथोसायनिनला जाऊन चिकटतं. टॅनिन लांब होत होत साक्यात बसतं आणि म्हणून वाइन मऊ होते, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. हे अर्धंच उत्तर आहे. काही रेणू साक्यात जातातच. पण उरलेल्यांपैकी काही आखूड झालेले असतात, काहींच्या टोकाला अँथोसायनिन लागलेलं असतं, तर काही ऑक्सिडीकरणाने स्वतःतच गुंतून आवळले गेलेले असतात. आवळलेल्या रेणूला प्रथिन धरायला मोकळी जागा कमी उरते. तुरटपणाची धार जाते ती या सगळ्याच्या बेरजेने. रसायनशास्त्रात यापेक्षा सुंदर घटना मला फार थोड्या दिसतात.

याच काळात मोकळं अँथोसायनिन संपत जातं, विटकरी छटेची नवी संयुगं तयार होतात आणि पेल्यातल्या वाइनची कड नारिंगी दिसू लागते. मात्र हे सगळं 12-13 अंशांच्या तळघरात. मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात बाटली कपाटात ठेवली तर प्रक्रिया नुसत्या वेगाने होत नाहीत, नको त्या प्रक्रियाही पुढे जातात.

युरोपातही पंचांग बघून वाइन पिणारे आहेत. चंद्र अमुक राशीत असला की ‘फळाचा दिवस’, तमुक राशीत असला की ‘मुळाचा दिवस’, आणि त्याप्रमाणे म्हणे चव बदलते. न्यूझीलंडच्या पिनो न्वार वाइन अनुभवी जाणकारांना कोणता दिवस आहे हे न सांगता चाखायला देऊन हा दावा तपासला गेला. 2017 साली निकाल आला. चंद्राचा काही परिणाम आढळला नाही. रेड वाइन हृदयाला चांगली, हा प्रचारही तितकाच पोकळ. या प्रचारात ज्याचं नाव घेतलं जातं ते द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल तिच्यात लिटरमागे जेमतेम काही मिलिग्रॅम असतं आणि अल्कोहोलची कुठलीही मात्रा आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्ट सांगितलं आहे.

मग वीस वर्षांच्या मेदॉकसोबत काय खावं? टॅनिनची पकड सैल झालेली असते, फळांचा वास मागे सरून देवदार, तंबाखूचं पान, ओली माती, अळंबी असे गंध पुढे आलेले असतात. जाड चरबीदार मांसाखाली ते दबून जातात. मेदॉकमधल्याच पोयाक गावच्या कोवळ्या कोकराचं भाजलेलं मांस, भाजलेलं बदक, बोर्दोच्या पद्धतीने लसूण आणि पार्स्ली घालून परतलेली सेप अळंबी, किंवा मुरलेलं कोंते चीज, हे तिच्या तोलाचे पदार्थ. तांबड्या रश्श्याबरोबर ती उघडू नये. तिखटाने जो चेताग्राहक पेटतो, तोच अल्कोहोलने जास्त संवेदनशील होतो. उष्णतेला प्रतिसाद देण्याची त्याची मर्यादा सुमारे 42 अंशांवरून 34 अंशांपर्यंत खाली येते. मासेही टाळावेत. वाइनमधलं लोखंड माशांच्या मेदाशी क्रिया करून उग्र, हिवस वास सोडतं.

बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवावी, म्हणजे साका तळाशी बसतो, आणि ओतताना शेवटचा घोट बाटलीतच राहू द्यावा. तरुण वाइन तासभर हवेत उघडी ठेवलेली चालते. जुन्या वाइनचा नाजूक गंध तेवढ्या वेळात उडून जाऊ शकतो, म्हणून ती जेवण पानात आल्यावरच ओतावी.