आधी केबल, मग मॉड्यूल: डेटा सेंटरमधल्या शंभर मीटरचा हिशेब

मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा ‘सेंट्रल इंडिया’ विभाग २०१५ साली पुण्यात सुरू झाला. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरात डेटा सेंटरची कामं जोरात आहेत. अशा कामांत खरेदीची वेळ आली की बोलणी ऑप्टिकल मॉड्यूलच्या, म्हणजे विजेच्या संकेतांचा प्रकाश आणि प्रकाशाचे पुन्हा विजेचे संकेत करणाऱ्या सुट्या भागाच्या, दरावर येऊन अडतात. माझ्या मते सुरुवातच चुकीच्या टोकाकडून होते. मॉड्यूल काही वर्षांत काढून दुसरं बसवता येतं. रॅकवरच्या (उपकरणांच्या कपाटांवरच्या) ट्रेमधून ओढलेली फायबरची केबल मात्र स्विचच्या, म्हणजे यंत्रं एकमेकांना जोडणाऱ्या उपकरणांच्या, दोन-तीन पिढ्या जागची हलत नाही.

केबलमध्ये नेमकं काय घडतं, ते आधी पाहू. लक्ष्मी रोडवर ढोलाचा ठोका पडला की थेट येणारा आवाज आणि इमारतींवर आपटून येणारा आवाज कानावर मागेपुढे पोचतात. लय संथ असेल तर ते जाणवत नाही, पण लय वाढली की ठोके एकमेकांत मिसळतात. मल्टिमोड फायबरमध्ये, म्हणजे रुंद गाभ्याच्या काचतंतूत, प्रकाशाचंही असंच होतं. सिंगलमोड या अरुंद प्रकाराचा गाभा सुमारे ९ मायक्रॉनचा, तर मल्टिमोडचा ५० मायक्रॉनचा असतो. एवढ्या रुंद गाभ्यातून प्रकाश शेकडो वाटांनी जातो आणि सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या नसतात.

सेकंदाला १०० गिगाबिट पाठवणारं, मल्टिमोडसाठीचं एसआर४ मॉड्यूल चार लेन (समांतर मार्गिका) वापरतं आणि प्रत्येक लेनवर सेकंदाला सुमारे २५ अब्ज बिट जातात. म्हणजे एका बिटाच्या वाट्याला जेमतेम ३९ पिकोसेकंद येतात. तेवढ्या वेळात काचेतला प्रकाश फक्त ८ मिलिमीटर सरकतो! गाभ्याची काच आरपार एकसारखी असती, तर १०० मीटरवर वाटांमधली तफावत शंभराहून अधिक बिटांएवढी झाली असती. म्हणून गाभ्याचा अपवर्तनांक (काच प्रकाशाला किती मंदावते ते) मध्यभागी सर्वांत जास्त ठेवून कडेपर्यंत कमी करत नेतात. कडेची वाट लांब असते, पण तिथे प्रकाश जास्त वेगाने जातो. ही घडण जितकी काटेकोर, तितकी फायबरची प्रत वरची: ओएम३च्या वर ओएम४.

एवढं करून मल्टिमोड वापरायचं कशाला? रुंद गाभ्यात प्रकाश सोडणं सोपं असतं. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, व्हिक्सेल नावाचा स्वस्त लेझर चालतो आणि जुळणीत एखाद-दोन मायक्रॉन इकडेतिकडे झाले तरी निभावतं. किंमत मोजावी लागते ती अंतरात. १० गिगाबिटला ओएम३वर ३०० आणि ओएम४वर ४०० मीटर मिळतात. १०० गिगाबिट एसआर४ला तेच आकडे ७० आणि १०० मीटरवर येतात. त्यामुळे रॅकच्या ओळी जवळजवळ असतील तर ओएम४ घ्यावं. इमारतीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे किंवा शेजारच्या इमारतीत जायचं असेल, तर सरळ सिंगलमोड टाकावं.

पण अंतर बसलं म्हणजे काम झालं असं नाही. ओएम४वर एसआर४ला प्रकाशाची घट १.९ डेसिबलपर्यंतच चालते. १०० मीटर काचेत यातले जेमतेम ०.४ जातात. उरलेले १.५ जोडांसाठी असतात. साध्या एमपीओ जोडाची (अनेक तंतू एकदम जोडणाऱ्या कनेक्टरची) कमाल घट ०.७५ डेसिबल धरतात. दोन्ही टोकांना एकेक पॅच पॅनल (केबलची टोकं आणून लावायची फळी) आलं की खातं भरलं. मध्ये क्रॉस-कनेक्ट (दोन केबल एकमेकींना जोडायचं ठिकाण) घालून जोड चार केले तर हिशेब ३ डेसिबलवर जातो. तिथे ०.३५ डेसिबलचे लो-लॉस कनेक्टरच घ्यावे लागतात. चारांचे मिळून १.४ होतात. आराखड्यावर मीटर मोजणारे पुष्कळ असतात, जोड मोजणारे फार थोडे.

ओएम४नंतरच्या ओएम५ प्रतीची जाहिरात बरीच होते. एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबी पाठवणारी मॉड्यूल घेणार असाल तर त्याचा उपयोग आहे. ८५० नॅनोमीटरवर त्याची बँडविड्थ ओएम४एवढीच असते, त्यामुळे एसआर४साठी जास्तीचे पैसे घालू नयेत.

आणि धूळ. शेजारी बांधकाम चालू असलेल्या इमारतीत ही गोष्ट हलक्यात घेऊ नये. तपासणीच्या मायक्रोस्कोपखाली कनेक्टरचं टोक पाहिलं की नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कण ५० मायक्रॉनच्या गाभ्यावर ऐसपैस बसलेला दिसतो. एमपीओमध्ये बारा टोकं शेजारी शेजारी असतात, आणि एका टोकावरचा कण समोरच्या टोकालाही लागतो. पॅनलला बाहेरून लावायच्या छोट्या केबलची, म्हणजे पॅच कॉर्डची, टोकं बहुतेक जण पुसतात. पॅनलच्या आत, अडॅप्टरमागे असलेलं टोक राहून जातं. तेही पाहून, पुसून, पुन्हा पाहून मगच जोडावं.