फॅशिया रिलीज (तळपाय व तळहात)

स्नायूंवरच्या चिवट, तंतुमय आवरणाला (फॅशिया) हाताने सावकाश दाब आणि ताण देऊन दुखणे व ताठरपणा कमी करण्याची पद्धत. मटण साफ करताना निघणारा पांढुरका पापुद्रा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना फॅशिया वेगळा समजावून सांगायला नको.

तळपायात मात्र तो पापुद्रा नसून जाड पट्टा असतो. टाचेच्या हाडापासून निघून पाच फाट्यांनी तो बोटांच्या मुळाशी जातो. उभे राहून पायाचा अंगठा वर उचलला की पट्टा ताणला जातो आणि पायाची कमान उंचावते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्याच पावलाला टाचेत उठणारी कळ बहुधा याच पट्ट्याची. तळहातात तो कातडीला घट्ट जखडलेला असतो. म्हणून तिथली कातडी हाताच्या मागच्या बाजूसारखी चिमटीत येत नाही.

पहिल्या भेटीत बराच वेळ विचारपूस आणि तपासणीत जातो. तेल जवळजवळ लावत नाहीत, कारण बोट घसरले की ताण बसत नाही. अंगठा किंवा मुठीची पेरे दुखऱ्या जागी दीड-दोन मिनिटे रोवून ठेवतात. दुखते, पण हवेसे. श्वास रोखावा लागला तर लगेच सांगावे. जास्त सोसल्याने जास्त गुण येत नाही. दुसऱ्या दिवशी जागा ठणकू शकते.

‘रिलीज’ हे नाव थोडे फसवेच. २००८ च्या एका गणिती अभ्यासानुसार तळपायाचा पट्टा एक टक्का दाबला जायलाही ८,००० न्यूटनहून अधिक, म्हणजे ८०० किलोंहून जास्त भार लागतो. तेव्हा अंगठ्याने पट्टा ‘सुटत’ नसावा. मज्जासंस्थेकडून वेदना तात्पुरती शमत असावी. पोटरी आणि तळपाय ताणण्याचे व्यायाम म्हणूनच टाळता येत नाहीत. शिवाय बहुतेकांची टाचदुखी वर्षभरात आपोआपही ओसरते, त्यामुळे श्रेय कुणाला द्यावे हा प्रश्न उरतोच.

तळहातात गाठी येऊन करंगळी-अनामिका आत वळू लागली (द्युप्युत्रां विकार), तर चोळून उपयोग नाही, शल्यचिकित्सकाला दाखवावे. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी, रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि पोटरी सुजून गरम झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार घेऊ नये.

आपल्याकडची काशाची वाटी याच्या उलट चालते: तिथे तूप लावून घसरवायचेच असते. तळव्यावर उमटणारा काळा थर म्हणजे ‘निघालेली उष्णता’ नव्हे. काशात तांबे आणि कथील असते. त्या धातूचा घासून निघालेला अंश तुपाघामात मिसळून काळा दिसतो.