क्वीअर कादंबरीतला मत्सर

दोन पुरुष किंवा दोन बायका यांच्या नात्यावर आज ज्या कादंबऱ्या, म्हणजे क्वीअर कादंबऱ्या, लिहिल्या जातात त्यांच्यात जे जळणं, संशय घेणं, आतल्या आत कुढणं येतं ते म्हणजे हा मत्सर. मराठीत मत्सर, हेवा, असूया असे शब्द भरपूर आहेत, पण प्रेमातल्या जळण्याचा खास शब्द म्हणजे सवतीमत्सर आणि तो लग्नाच्या घरातला. सवत यायला आधी बायको असावं लागतं. सगळी गोम इथंच आहे.

सांगलीच्या वाचकाला हे लगेच कळेल, कारण मराठी रंगभूमीवरचा गाजलेला संशयी नवरा इथल्याच माणसानं लिहिलाय. नाटककार गोविंद बल्लाळ देवल सांगलीजवळच्या हरिपूरचे. 1916 ला रंगभूमीवर आलेल्या त्यांच्या संगीत संशयकल्लोळमधला फाल्गुनराव बायकोच्या हातात परक्याची तसबीर बघतो आणि घर डोक्यावर घेतो, नवराच आहे म्हटल्यावर त्याला कोण अडवणार. आता सांगलीच्या विश्रामबागेत रूम करून राहणारे, एकमेकांवर प्रेम करणारे दोघंजण घ्या. एकाच्या मोबाईलवर रात्री कुणाचे तरी मेसेज येतात, दुसऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, पण घरमालकांसाठी ते नुसते रूम पार्टनर, आवाज चढवला आणि भिंतीपलीकडं गेला तर रूमच जाईल, मग तो भांडतो लाईट बिलावरून, दूध कुणी नासवलं यावरून. मला तरी या कादंबऱ्यांतली सगळ्यात खरी पानं अशा भांडणांचीच वाटतात.

आपल्या भागात तर समोरचा प्रतिस्पर्धी बऱ्याचदा दुसरा प्रियकर नसतोच, स्थळ असतं. तासगावची मुलगी आहे, रविवारी बघायला जायचंय असा घरनं फोन येतो आणि मित्र म्हणून गाडीत बसून जोडीदारच सोबत जातो, कांदेपोहे खातो, मुलगी चांगली आहे म्हणतो. 6 सप्टेंबर 2018 ला सुप्रीम कोर्टानं भारतीय दंडविधानाच्या कलम 377 मधनं संमतीचे समलिंगी संबंध बाहेर काढले, तो गुन्हा राहिला नाही, पण 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात लग्नाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे पत्रिकेवर नाव येणार ते तिचंच.

यातला दुसरा पदर इच्छेचा. दोघं एकाच लिंगाचे असले की तो मला हवाय का मला त्याच्यासारखं व्हायचंय हे कधीकधी त्याचं त्यालाच कळत नाही, त्याचे खांदे, त्याचा बिनधास्तपणा, सगळ्यावर प्रेमही आणि जळणंही एकदमच. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत हा गुंता सहसा येत नाही.

मराठीत याचं ठळक उदाहरण सचिन कुंडलकरांची 2006 ची कोबाल्ट ब्लू. पुण्यातल्या घरात पेइंग गेस्ट येतो, भाऊ तनय आणि बहीण अनुजा दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, कादंबरीचा एक भाग तनयचा, एक अनुजाचा. तो पेइंग गेस्ट अनुजाला घेऊन निघून जातो, पुढं तिलाही सोडतो. ती परत आल्यावर घरचे तिच्याभोवती गोळा होतात, आणि तनय त्याच घरात असतो.