गाण्यांच्या यादीवरून जोडीदार ओळखता येतो का?

ठाण्यात लग्नाच्या गाठीभेटी आता कांदेपोह्यांच्या आधीच होतात. संकेतस्थळावर स्थळ पसंत पडतं, राम मारुती रोडवर किंवा वाशीत एखाद्या कॅफेत दोघं भेटतात. नोकरी, घर, गाव बोलून झालं की प्रश्न येतो, "गाणी कुठली ऐकतोस?" समोरून उत्तर आलं की लगेच मनात एक मत तयार होतं. मानसशास्त्रज्ञांनी हे मत चांगलंच तपासून पाहिलं आहे.

अमेरिकेतल्या पीटर रेंटफ्रो आणि सॅम्युएल गॉसलिंग यांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकमेकांना न ओळखणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी सहा आठवडे इंटरनेटवर गप्पा मारू दिल्या. विषय कोणताही चालेल, फक्त ओळख व्हायला हवी. सुरुवातीला सर्वाधिक बोलणं झालं ते संगीतावर. पुढच्या भागात परीक्षकांना अनोळखी व्यक्तीची आवडती दहा गाणी ऐकवली आणि तिचा स्वभाव सांगायला लावला. नव्या अनुभवांना सामोरं जाण्याची वृत्ती, कुतूहल, कल्पकता यांचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर आला. कामातला काटेकोरपणा मात्र गाण्यांतून नीटसा ओळखता आला नाही. संसार करायचा तर नेमकं हेच कळायला हवं असतं: हा माणूस दिलेला शब्द पाळतो का, वीजबिल वेळेवर भरतो का.

जिथे अंदाज बरोबर येतो, तिथेही दुवा नाजूकच असतो. थॉमस शेफर आणि क्लाउडिया मेलहॉर्न यांनी २०१७ साली आधीच्या अनेक अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले, तेव्हा स्वभाव आणि संगीताची आवड यांच्यातले बहुतेक सहसंबंध (दोन गोष्टी किती एकत्र बदलतात याचं माप; ० म्हणजे काहीच संबंध नाही, १ म्हणजे पूर्ण जुळणी) अगदी क्षीण निघाले. सहसंबंध ०.२ असेल, तर माणसामाणसांमधल्या आवडीच्या फरकातला जेमतेम ४ टक्के भाग त्या स्वभावगुणाशी जुळतो. बाकीचे ९६ टक्के दुसरीकडून येतात.

कुठून येतात, याचं एक सुंदर उत्तर मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांच्या २००६ सालच्या प्रयोगात सापडतं. १४ हजारांहून जास्त लोकांपुढे त्यांनी अपरिचित बँडची ४८ गाणी ठेवली. काहींना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले होते, आणि आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड केलं हे त्यांना दिसत होतं. गाणी तीच, तरी प्रत्येक गटात लोकप्रिय झालेली गाणी वेगळी. फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि फार वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं नशीब आधी कोणी काय निवडलं यावर ठरलं. माझ्या मते गाण्यांच्या यादीवरून माणूस जोखणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग समजून घ्यायला हवा. जी आवड आपण अगदी स्वतःची मानतो, तिच्यात सोबत्यांचा वाटा मोठा असतो.

ठाण्यात आणि नवी मुंबईत तर ही सोबत वस्तीगणिक बदलते. नौपाड्यातल्या घरात नाट्यसंगीत लहानपणापासून कानावर पडतं. घणसोली, दिवाळे या गावांतल्या आगरी-कोळी मुलामुलींनी लग्नात गाणाऱ्या धवलारणींचे धवले आणि हळदीची गाणी ऐकलेली असतात. कुणाच्या घरी भीमगीतं असतात, कुणाच्या घरी भजनी मंडळ. म्हणजे पहिल्या भेटीत "असली गाणी ऐकते!" म्हणून जी नापसंती येते, ती बऱ्याचदा वस्तीला, वर्गाला आणि जातीला दिलेली असते. संगीताच्या आवडीतून माणसाचा सामाजिक वर्ग किती ठळकपणे उमटतो, हे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ सालीच दाखवून दिलं होतं. जात विचारायला संकोचणारी माणसंसुद्धा गाणी मात्र मोकळेपणाने विचारतात, म्हणून हे स्पष्ट बोलायला हवं.

मत बनायला आवडीचं नुसतं लेबलही पुरतं. १९८९ साली डॉल्फ झिलमन आणि अझरा भाटिया यांनी तरुणांना संभाव्य जोडीदाराची ओळख व्हिडिओवर दाखवली, आणि त्या व्यक्तीने सांगितलेली संगीताची आवड तेवढी बदलली. हेवी मेटल आवडतं म्हणणारी तरुणी पुरुषांना कमी आकर्षक वाटली. तेच एखाद्या तरुणाने म्हटलं, तर स्त्रियांना तो अधिक आकर्षक वाटला.

तरीही आवड जुळली की जवळीक वाटते, आणि ती खोटी नसते. डायना बोअर आणि सहकाऱ्यांनी २०११ साली हाँगकाँगमधल्या रूममेटच्या जोड्यांचा अभ्यास केला. संगीताची आवड सारखी असणाऱ्यांची जीवनमूल्यंही जास्त जुळत होती, आणि स्नेहामागे या मूल्यांचा वाटा होता. आजीकडून धवले शिकणारी घणसोलीची मुलगी आणि आजोबांसोबत गडकरी रंगायतनला नाट्यपदं ऐकत वाढलेला नौपाड्याचा मुलगा यांच्या याद्या समोरासमोर ठेवल्या, तर एकही गाणं जुळणार नाही. पण ती गाणी त्यांना कुणी दिली आणि ती अजून का जपली आहेत, हे विचारलं तर दोघांची उत्तरं जवळपास एकच येऊ शकतात.